परराज्यातल्या सायबर तक्रारीवरून चालू खातं गोठवलं. सुरुवात कुठून करायची?

सावदा_हिशेबनीस

नमस्कार मंडळी. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचं चालू खातं गोठवलं गेलंय. हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून आकडे नीट देतो.

माल १२० क्विंटल, भाव १,४०० रुपये, बिल १,६८,००० चं. गाडी उत्तरेकडे गेली. १,००,००० रुपये खरेदीदाराच्या फर्मच्या खात्यातून एनईएफटीने आले. उरलेले ६८,००० यूपीआयने दोन हप्त्यांत आले, ३८,००० आणि ३०,०००, आणि दोन्ही भलत्याच माणसांच्या नावावरून. खरेदीदाराचं म्हणणं, ‘आमच्याच माणसांनी टाकलेत.’ असे पैसे येणं आपल्याकडे सर्रास चालतं, कोणी विचारतही नाही.

आता शाखा म्हणते की ३८,००० च्या व्यवहारावर दुसऱ्या राज्यात सायबरची तक्रार आहे. पण अडकलेत ते खात्यातले सगळे ६,१२,०००. कागद मागितला तर ‘वरून ऑर्डर आली, तिकडच्या पोलिसांना भेटा’ एवढंच उत्तर. त्यातच एका नंबरवरून व्हॉट्सअॅप आलं: ‘सायबर सेल, एनओसी फी १५,००० भरा, तासाभरात खातं मोकळं.’

प्रश्न असे. ३८,००० साठी सहा लाख अडवता येतात का? तिकडे जाणं भाग आहे का? पुरावा म्हणून मोबाईल मागितला तर द्यावा लागतो का? आणि कटाईच्या मजुरांचे पैसे द्यायचेत, दोन चेक बाहेर आहेत, त्यांचं काय?

---

काउंटरपलीकडचा

पहिलं काम: त्या १५,००० वाल्याला एक रुपयाही देऊ नका भो. खातं मोकळं करायची फी कुठल्याही पोलीस ठाण्यात नसते. बाकी आता बँकेच्या बाजूने सांगतो.

हे घडतं कसं ते समजलं तर पुढचं सोपं जातं. फसवणूक झालेला माणूस १९३० ला फोन करतो किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकतो. तक्रारीला एक पोचक्रमांक मिळतो आणि ती त्याच्या बँकेकडे जाते. पैसे कोणत्या बँकेत गेले ते ती बँक पाहते आणि पुढच्या बँकेला कळवते. पुढच्या खात्यात रक्कम असेल तर तिथेच रोखतात. नसेल तर त्या खात्यातून ती कुठे कुठे गेली ते नोंदवून तक्रार आणखी पुढे सरकते. अशा प्रत्येक टप्प्याला ‘लेयर’ म्हणतात. चोराचं पहिलं खातं लेयर एक, तिथून पैसे गेलेली खाती लेयर दोन. तुमचा व्यापारी बहुतेक दुसऱ्या, तिसऱ्या किंवा त्याही पुढच्या लेयरवर असणार. तिथे तो आरोपी म्हणून पोचत नाही. पैसे त्याच्या खात्यात पोचले, म्हणून तो साखळीत आला.

गोंधळ होतो तो इथे. खात्यातल्या रुपयावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. मधल्या भाड्याच्या खात्यात, म्हणजे कोणीतरी पैसे घेऊन चोरांना वापरायला दिलेल्या खात्यात, एकाच दिवशी दहा जणांचे पैसे आले आणि वीस ठिकाणी गेले, तर कोणाचे पैसे कुठे गेले ते सांगता येत नाही. त्यामुळे त्यानंतरचे बरेचसे व्यवहार पुढे कळवले जातात. एकाच ३८,००० वर दोन-तीन तक्रारी बसणं अगदी शक्य आहे. म्हणून शाखेत ‘तक्रार कोणती’ असं विचारू नका, ‘एकूण किती पोचक्रमांक लागलेत’ असं विचारा. एक सुटला म्हणून खूश व्हायचं आणि खातं दुसऱ्यामुळे अडकलेलंच राहायचं, हे नेहमी होतं.

आता शाखेत काय मागायचं ते. तोंडी काही बोलू नका. अर्ज द्या, शिक्क्यासह पोच घ्या आणि तोच मजकूर बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला मेल करा. अर्जात विचारा: अडवणूक कोणत्या प्रकारची आहे, कोणत्या तारखेची, कोणत्या पोलीस ठाण्याच्या मागणीवरून, त्यात कलम कोणतं लिहिलंय, रक्कम किती लिहिलीय, पोचक्रमांक कोणते, वादातल्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक काय आणि तपास अधिकाऱ्याचा सरकारी मेल पत्ता कोणता. यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ अंकी असतो. एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरांचा आणि आरटीजीएसचा २२ अक्षरांचा. तो आकडा स्टेटमेंटशी ताडून बघा, भलताच व्यवहार धरलेला असू शकतो.

प्रकार विचारायचं कारण असं. ‘लीन’ किंवा ‘होल्ड’ म्हणजे ठरावीक रक्कम बाजूला ठेवतात, बाकीचं खातं चालतं. ‘डेबिट फ्रीज’ म्हणजे जमा होतं, पण काढता काही येत नाही. ‘टोटल फ्रीज’ म्हणजे दोन्ही बंद. तुमचं वर्णन डेबिट फ्रीजचं वाटतं, आणि त्यातला फास असा की खरेदीदारांचे नवे पैसे येत राहतात आणि तेही अडकत जातात. तेव्हा आजच सगळ्या खरेदीदारांना त्या खात्यात पैसे टाकू नका म्हणून कळवा, आणि काट्यावर क्यूआर चिकटवलेला असेल तर तो काढा.

पोलिसांच्या पत्रात ‘३८,००० होल्ड करा’ असं असूनही शाखेनं अख्खं खातं बंद केलं असेल, तर ती बँकेची चूक आहे. अशी उदाहरणं कमी नाहीत, कारण सिस्टीममध्ये रकमेचा लीन लावण्यापेक्षा फ्रीजचं बटण दाबणं सोपं. अशा वेळी तक्रारीनंतर ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधानकारक आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, चौकशीचा नंबर १४४४८. पण बँकेनं पोलिसांच्या आदेशाप्रमाणेच वागलं असेल, तर लोकपाल ती तक्रार घेणार नाही. तपास यंत्रणेच्या आदेशाचं पालन योजनेच्या बाहेर ठेवलंय. महिनाभर तिकडे घालवून मग हे कळण्यापेक्षा आधी पत्रातली रक्कम काढा.

---

रावेरी

यात एवढं काय डोकं लावायचं. पोलिसांनी खातं गोठवलं की मॅजिस्ट्रेटला ताबडतोब कळवावं लागतं. कळवलं नसेल तर फ्रीज आपोआप रद्द. एक नोटीस टाका, काम खल्लास.

---

अॅड_धुळे

रावेरी भाऊ, अर्धं बरोबर आहे, पण त्यावर विसंबलात तर तोंडघशी पडाल.

बँक खातं ही जप्त करता येण्याजोगी मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये महाराष्ट्र राज्य विरुद्ध तापस नियोगी या प्रकरणात सांगितलं. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२ होतं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६ आलं. जप्तीची माहिती मॅजिस्ट्रेटला ‘तात्काळ’ द्यायची ही अट दोन्हींत आहे. पण २०२४ च्या शेंतो वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कळवायला उशीर झाला म्हणून जप्ती आपोआप रद्द होत नाही. उशिराचा खुलासा मागता येतो, अधिकाऱ्यावर खात्याअंतर्गत कारवाई होऊ शकते. म्हणजे हा मुद्दा अर्जात जरूर घालायचा, पण सगळा अर्ज त्याच्यावर उभा करायचा नाही.

याहून वजनदार मुद्दा कलम १०६ आणि १०७ मधल्या फरकाचा आहे. १०६ पुराव्यासाठी जप्ती करण्याचं. १०७ गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता गोठवून पुढे पीडितांना परत देण्याचं. त्यात पोलीस स्वतःच्या सहीनं काही करू शकत नाहीत, त्यांना न्यायालयात जावं लागतं आणि न्यायालय संबंधित माणसाला १४ दिवसांची कारणे दाखवा नोटीस देतं. घाईची गरज असेल तर न्यायालय एकतर्फी अंतरिम आदेश देऊ शकतं, पण तोही न्यायालयाचाच. केरळ उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये हेडस्टार ग्लोबल प्रकरणात हाच फरक धरला: गुन्ह्याचा पैसा म्हणून खातं अडवायचं असेल तर वाट १०७ ची. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, तरी युक्तिवादात वापरता येतो. म्हणूनच पत्रात कलम कोणतं लिहिलंय हे आधी बघा म्हणतात. कित्येक पत्रांत कलमच नसतं, नुसतं ‘कृपया खाते गोठवावे’.

आता ३८,००० साठी सहा लाख. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये डॉ. सजीर प्रकरणात बँकांना सांगितलं की पोलिसांच्या मागणीत जी रक्कम आहे तेवढ्यापुरतंच खातं अडवा. मद्रास उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये मोहम्मद सैफुल्ला प्रकरणात म्हटलं की रक्कम न ठरवता अख्खं खातं बंद करणं हा व्यवसायाच्या आणि उपजीविकेच्या हक्कावर घाला आहे. हे दोन निकाल जोडून तपास अधिकाऱ्याला आधी एक निवेदन पाठवा. मागणी एकच ठेवा: फ्रीज काढून ३८,००० चा लीन लावावा. ‘खातं पूर्ण मोकळं करा’ अशी मागणी पहिल्याच पत्रात केली की तपास अधिकारी फाईल बाजूला ठेवतो. मर्यादित मागणी मान्य करणं त्याला सोपं जातं, कारण तक्रारदाराची रक्कम सुरक्षित राहते.

निवेदनाला काय जोडायचं ते नीट ऐका. ताज्या केळीवर जीएसटी नाही, त्यामुळे टॅक्स इन्व्हॉइस किंवा ई-वे बिल नसणार आणि परराज्यातल्या अधिकाऱ्याला वाटतं, ‘बिल नाही म्हणजे व्यवहारच खोटा’. एका ओळीत ते समजावून सांगा आणि त्याऐवजी ही कागदं लावा: कटाईची चिठ्ठी, काट्याची पावती, ट्रकची बिल्टी, बाजार समितीचा परवाना आणि असल्यास पावती, खरेदीदाराशी झालेले संदेश, त्याच गाडीचे एनईएफटीने आलेले १,००,०००, आणि त्या खरेदीदाराचे मागच्या वर्षभरातले व्यवहार. १२० क्विंटल गुणिले १,४०० बरोबर १,६८,०००, आणि तीन जमा रकमांची बेरीज तेवढीच, हा तक्ता अर्ध्या पानात पहिल्याच पानावर द्या. तपास अधिकारी पुढचं चाळेल न चाळेल, हे मात्र बघतोच.

निवेदनाची प्रत त्या राज्याच्या सायबर नोडल अधिकाऱ्याला आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. राज्यवार नावं आणि मेल पत्ते राष्ट्रीय पोर्टलवर संपर्काच्या पानावर असतात.

उत्तर आलं नाही तर दोन वाटा. एक, त्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या मॅजिस्ट्रेटकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज. जुन्या संहितेत हे ४५७ होतं. हमीपत्र घेऊन खातं मोकळं करण्याचा आदेश यात मिळू शकतो. तिथला वकील लावावा लागतो, पण व्यापाऱ्यानं प्रत्येक तारखेला हजर राहायची गरज सहसा पडत नाही. दोन, संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट. २२६(२) प्रमाणे वादाचं कारण जिथे अंशतः घडलं तिथल्या उच्च न्यायालयातही जाता येतं. खातं सावद्यात, नुकसान सावद्यात, म्हणजे आपलं औरंगाबाद खंडपीठ. समोरची बाजू हद्दीचा आक्षेप घेणारच, त्यामुळे बँकेला पक्षकार करायला विसरू नका. छोट्या रकमेसाठी मी पहिली वाट सांगेन, सहा लाखांच्या खेळत्या भांडवलासाठी दुसरीही परवडते.

तिकडे जाण्याबद्दल. साक्षीदार म्हणून बोलवायचं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ आहे आणि ते पोलीस ठाण्याच्या स्वतःच्या किंवा लगतच्या हद्दीतल्या माणसापुरतं आहे. शिवाय महिला, १५ वर्षांखालचे आणि ६० वर्षांवरचे पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या ठिकाणाखेरीज कुठे बोलावता येत नाही. कागदपत्रं मागायची असतील तर कलम ९४, आणि ती मागणी इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही येऊ शकते. ती आली तर मुदतीत उत्तर द्याच. कलम ३५(३) ची नोटीस मात्र वेगळी. ती संशयिताला हजर राहण्यासाठी असते, ती टाळली तर अटकेची वेळ येऊ शकते. ती व्हॉट्सअॅपवर बजावू नका असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात पोलिसांना बजावलंय. पण रीतसर हाती पडली, तर घरी बसून इंटरनेटवर सल्ले वाचू नका, त्याच दिवशी वकील गाठा.

---

भुसावळ_लॅन

मोबाईलच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं, ते देतो.

आधी तो ‘सायबर सेल’ नंबर. राष्ट्रीय पोर्टलवर संशयित नंबर, यूपीआय आयडी, खाते क्रमांक तपासायची सोय आहे, तिथे टाकून बघा. काही सापडलं नाही म्हणजे नंबर चांगला, असा अर्थ नाही. त्या यादीत आधी कोणी तक्रार केलेलेच असतात. खरी खातरजमा एकच: त्या राज्याच्या पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरून ठाण्याचा नंबर काढायचा आणि आपण फोन करायचा. मेल आलाच तर पत्त्याचा शेवट बघा. पोलिसांचा मेल सहसा जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इनने संपतो. नावात ‘सायबर’ आणि शेवटी जीमेल असेल तर उत्तर देऊ नका. काही ठाणी खरोखरच जीमेल वापरतात, ही आपल्याकडची रड आहे, पण म्हणूनच उलटा फोन करून विचारायचं. खातं गोठलेल्यांची माहिती या भामट्यांपर्यंत कुठून जाते याचा तपास वेगळा व्हायला हवा. त्या व्हॉट्सअॅपचा स्क्रीनशॉट घेऊन संचार साथी या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या तक्रारीच्या सोयीत टाका. पैसे गेलेले नाहीत तोवर तक्रारीची जागा ती, पैसे गेले तर १९३०.

पुराव्याचं म्हणाल तर मोबाईल देण्याची वेळ येऊ नये म्हणून आधीच चॅट काढून ठेवा. त्या चॅटमध्ये तीन टिंबं, ‘अधिक’, मग ‘चॅट एक्स्पोर्ट करा’. फोटोंसह काढलं तर शेवटचे १०,००० संदेश येतात, फोटोंशिवाय ४०,०००. दोन्ही काढा. त्या आधी ‘गायब होणारे संदेश’ चालू असेल तर बंद करा, नाहीतर पुरावा रोज थोडा थोडा पुसला जातोय. एक्स्पोर्ट केलेल्या फाईलचं नावही बदलायचं नाही, उघडून सेव्हही करायचं नाही. विंडोजवर ‘सर्टयुटिल’ कमांडने त्या फाईलचा एसएचए-२५६ हॅश (फाईलचा डिजिटल ठसा, फाईल जराही बदलली की तो बदलतो) काढा आणि कागदावर तारखेसह लिहून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३(४) खालच्या प्रमाणपत्रात हॅशचा रकाना आहे. जुन्या ६५-ब प्रमाणपत्राच्या नमुन्यावर भागवायला गेलात तर समोरचा वकील तिथेच अडवेल.

मूळ मोबाईल मागितला तर? तपास अधिकाऱ्याला पुराव्याची वस्तू जप्त करता येते, हे आधी मान्य करू. पण कशी, ते महत्त्वाचं. लेखी मागणी हवी, जप्तीची यादी हवी, त्यात आयएमईआय, म्हणजे मोबाईलचा ओळख क्रमांक, लिहिलेला हवा. हा १५ अंकी असतो, स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की दिसतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण करून ते विलंब न लावता मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं असतं. यादीची प्रत घ्या. ‘बघून लगेच देतो’ म्हणून यादीशिवाय मोबाईल नेला की नंतर काय मुळात होतं आणि काय नंतर आलं हे सिद्ध करणं तुमच्या डोक्यावर येतं. जप्त केलेल्या फोनची हॅशसह प्रतिमा, म्हणजे हुबेहूब डिजिटल प्रत, काढून तपासणी त्या प्रतिमेवर करावी, एवढी मागणी यादीखाली सही करतानाच लिहून टाका.

पिन सांगायचा का, यावर न्यायालयांची मतं एक नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पिन सांगणं ही साक्ष की नुसतं कुलूप उघडणं, इथे वाद आहे. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये वीरेंद्र खन्ना प्रकरणात ती साक्ष नाही असं म्हटलं, पण मोबाईल उघडून शोधायचा तर त्यासाठी रीतसर प्रक्रिया लागते हेही सांगितलं. व्यापाऱ्यासाठी व्यवहार्य मार्ग असा: संबंधित चॅट स्वतः काढून द्यायचे, पिन वकिलाच्या सल्ल्याशिवाय द्यायचा नाही. ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानं खासगीपणा मूलभूत हक्क ठरलाय. तुमच्या मोबाईलमध्ये तुमच्यासोबत शेतकऱ्यांची आधारची छायाचित्रं, पासबुकं, मजुरांचे नंबर पण आहेत, त्यांनी कोणी संमती दिलेली नाही. आणि नाक्यावर गाडी तपासताना ‘मोबाईल दाखव, व्हॉट्सअॅप उघड’ असं म्हणत चाळायचा सरसकट अधिकार कुठल्याच कलमात नाही, हेही ड्रायव्हर लोकांना सांगून ठेवा.

---

जळगावची_वैशाली

सगळं वाचलं. एक बाजू राहतेय. त्या ३८,००० च्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी पेन्शनवाला किंवा कॉलेजचं पोर बसलंय. पैसे पुढे पुढे सरकत असताना १९३० ने मिनिटांत अडवलं नाही तर ते एटीएममधून निघून जातात, मग कोणालाच मिळत नाहीत. अडवणं वाईट नाही. अडवून मग महिनोनमहिने कोणी फाईल न उघडणं वाईट आहे. तेव्हा पत्राची भाषा ‘आमच्यावर अन्याय’ अशी ठेवू नका, ‘वादातली रक्कम राहू द्या, बाकी सोडा’ अशी ठेवा. धुळ्याच्या वकील ताईंनी तेच सांगितलंय.

आणखी एक धोका. तिकडून फोन येतो की ३८,००० तक्रारदाराला परत टाका, मग लगेच सोडतो. खरा पोलीस असला तरी थेट तक्रारदाराच्या किंवा कोणाच्याही खात्यात पैसे टाकू नका. तुमच्याकडे पावती राहत नाही, तक्रार पोर्टलवर तशीच उघडी राहते, आणि उद्या दुसऱ्या तक्रारीवर तेच ३८,००० पुन्हा मागतात. द्यायचेच ठरले तर न्यायालयाच्या आदेशानं बँकेमार्फत, आणि अर्जात ‘हक्क राखून, गुन्ह्याची कबुली न देता’ हे शब्द हवेत. हीच गोष्ट खरेदीदाराबाबत. तो म्हणेल, ‘ते ३८,००० या दुसऱ्या खात्यावर परत पाठव, मी नवीन टाकतो.’ पाठवलेत की साखळीतला पुढचा लेयर तुम्हीच तयार केला. ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, तेही बँकेला लेखी कळवून, यापलीकडे परतफेड नाही.

माहितीचा अधिकार कोणी सुचवेल म्हणून सांगते: पोलिसांकडे अर्ज करता येतो, पण तपासात अडथळा येतो म्हणून कलम ८(१)(ज) दाखवून नाकारतात. म्हणून तपासाची माहिती मागू नका. जप्तीची तारीख, कलम, रक्कम आणि मॅजिस्ट्रेटला कळवल्याची तारीख, एवढंच विचारा. यातल्या कशानंही तपास अडत नाही. सरकारी बँकेलाही अर्ज चालतो. खातं सहकारी बँकेत असेल तर सहसा चालत नाही, २०१३ च्या थलप्पलम निकालापासून.

---

सावदा_हिशेबनीस

मनापासून आभार. शाखेकडून पत्राची प्रत मिळाली. त्यात रक्कम ३८,००० स्पष्ट लिहिलीय, कलम १०६, आणि ‘लीन’ हाच शब्द आहे. म्हणजे अख्खं खातं बँकेनंच बंद केलं. पोचक्रमांक मात्र दोन निघाले, दुसऱ्यात रक्कम ११,५००. आता चेक आणि मजुरी?

---

काउंटरपलीकडचा

मग काम सोपं झालं. नोडल अधिकाऱ्याला आजच मेल: दोन्ही पोचक्रमांकांप्रमाणे जास्तीत जास्त ४९,५०० चा लीन लावून डेबिट फ्रीज काढावा. दुसऱ्याचं पत्रही मागा, कारण ते ११,५०० त्याच ३८,००० मधले असू शकतात, तसं असेल तर दोनदा धरलेत. उरलेले ५,६२,५०० अडवायला बँकेकडे कागद नाही, हे वाक्य मेलमध्ये जसंच्या तसं टाका. डॉ. सजीर निकालाचा उल्लेख खाली. शाखा व्यवस्थापकाला प्रत.

मजुरीसाठी दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून सोय करा. नवीन खातं उघडायला कायद्यानं बंदी नाही. फक्त गोठलेल्या खात्याचे चेक भागीदाराच्या किंवा बायकोच्या खात्यावर फिरवाफिरवी करत बसू नका, तपासात ते लपवाछपवीसारखं दिसतं.

---

अॅड_धुळे

चेकचं असं. ज्यांच्याकडे चेक आहेत त्यांना भरायच्या आधी लेखी कळवा की खातं पोलिसांच्या मागणीवरून अडलंय, रक्कम दुसऱ्या खात्यातून देतोय, चेक परत करा. रक्कम दिल्यावर चेक हातात घ्यायचा, नुसता ‘फाडून टाकतो’ चालणार नाही. तरी कोणी भरलाच आणि परत आला, तर परतीच्या मेमोवरचं कारण जपून ठेवा. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेकच्या कायद्याच्या) कलम १३८ चा गुन्हा चेक परत येताच होत नाही. समोरच्यानं ३० दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे द्यायचे. त्या १५ दिवसांत पैसे पोचले की विषय संपला.

वकिलाची फी अडचणीची असेल तर जळगावला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना मोफत वकील मिळतो. परराज्यातल्या मॅजिस्ट्रेटकडच्या अर्जासाठी ते तिथल्या प्राधिकरणाला कळवू शकतात.

---

तापीकाठ

पुढच्या हंगामासाठी एक भर. खरेदीदाराला गाडी भरण्यापूर्वीच सांगायचं: पैसे फर्मच्या नावाच्या खात्यातूनच, तिसऱ्याच्या नावानं आले तर गाडी सुटणार नाही. यूपीआयवर पैसे आले की पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, ते बिलाशी जुळवायला अर्धा मिनिट लागतो. तिकडच्या मंडीत रोख घेऊन कोणीतरी एजंट भाड्याच्या खात्यातून आपल्याकडे पाठवतो, खरेदीदाराला कदाचित माहीतही नसतं की ती खाती कसली. आणि वसुलीचं खातं वेगळं, मजुरी-भाड्याचं वेगळं, घरचं वेगळं. वसुलीच्या खात्यात संध्याकाळी गरजेपुरती रक्कम ठेवून बाकी नियमित, रोज एकाच पद्धतीनं मुख्य खात्यात वळवायची. रोजचा क्रम स्टेटमेंटवर दिसला की तो धंदा वाटतो. तक्रार आल्यानंतर एकदम वळवलं तर पळवापळव वाटते.

गावातल्या पोरांनाही कानावर घाला. महिन्याला दोन-चार हजारांसाठी खातं, एटीएम आणि सिम ‘वापरायला’ देणारे शहाद्यापासून चाळीसगावपर्यंत भेटतील. साखळीत पहिलं नाव त्यांचंच निघतं, आणि तिथे काट्याची पावती दाखवायला नसते. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथीवर ओटीपी टाकून दिसतं. मर्यादा ९ ची आहे. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच ‘माझा नंबर नाही’ निवडा.

---

सावदा_हिशेबनीस

मेल गेला, शाखेची पोच घेतली. ११,५०० चं पत्र मागितलंय. ते आलं की व्यवहार क्रमांक इथे टाकत नाही, पण ३८,००० मधलेच निघाले का ते कळवतो.

---

काउंटरपलीकडचा

क्रमांक टाकू नकाच. पोचक्रमांकही नको. फ्रीज निघाल्यावर एक रुपयाचा व्यवहार करून बघा, आणि उपलब्ध शिल्लक व एकूण शिल्लक यांतला फरक लीनएवढाच आहे ना ते तपासा. नेटबँकिंग आणि चेक क्लिअरिंग वेगवेगळं उघडावं लागतं, शाखा बऱ्याचदा एकच उघडते.